वाळत घातलेला वसंत

सोमवार

पालवी फुटली तरी पाऊस हटायला तयार नाही. आज सलग नववा दिवस. खिडकीसमोरच्या झाडाची कोवळी पानं पाण्याच्या भाराने वाकलीत आणि करड्या आभाळाखाली त्यांचा पोपटी रंग इतका उठून दिसतोय, की मी सकाळी कितीतरी वेळ नुसतीच बघत उभी होते.

या दिवसांत मला दरवर्षी एकच घाई होते. जाड स्वेटर बांधून माळ्यावर टाकायचे आणि हलके, फिकट रंगाचे कपडे खाली काढायचे. थंडीभर काळं, निळं, राखाडी घालून जीव कंटाळलेला असतो. आज लिननचा फिकट पिवळा शर्ट घ्यायला कपाट उघडलं, तर आधी तो वास आला. कुबट. शर्ट उजेडात धरला. पाठीवर, खांद्याच्या शिवणीपासून खाली, टाचणीच्या डोक्याएवढे करडे ठिपके. बुरशी. गेल्या वसंतात हौसेने घेतलेला शर्ट, चारदा घातला असेल जेमतेम. फार वाईट वाटलं.

मग कपाटच पुढे ओढलं. मागच्या भिंतीवर बरोबर कपाटाच्या आकाराची ओल. कडेला कोरडं, मधे रंग फुगलेला. बोट लावलं तर पोपडा हातात आला. दोन वर्षांपूर्वी ही भिंत रंगवून घेतली तेव्हा मी ओलीचा डाग दाखवला होता. रंगवणारा म्हणाला, "दोन हात मारले की दिसणार नाही." ओली भिंत आधी वाळू द्यायची असते, तिच्यावर चकचकीत, प्लॅस्टिकसारखा बंद रंग चढवला की आतलं पाणी बाहेर पडायची वाटच बुजते. हे त्याला ठाऊक असायला हवं होतं. मलाही.

मंगळवार

आईचा फोन. मी सगळं सांगितल्यावर तिने एकच विचारलं, "पाणी बाहेरून येतंय की घरातलंच आहे, ते बघितलंस का गं?"

घरातलंच कसं असेल, असं म्हणत होते, तर तिने एक सोपी युक्ती सांगितली. भिंतीचा ओला भाग पुसून जमेल तेवढा वाळवायचा, त्यावर अॅल्युमिनियम फॉइलचा वीतभर तुकडा चारही बाजूंनी चिकटपट्टीने घट्ट लावायचा आणि दोन दिवस हात लावायचा नाही. मग बघायचं. फॉइलच्या आतल्या, भिंतीकडच्या बाजूला पाणी असेल तर ते भिंतीतून झिरपतंय. खोलीकडच्या बाजूला असेल तर ते हवेतलं.

दुपारभर केस वाळवायच्या यंत्राने भिंत वाळवली. फॉइल लावलं.

बुधवार

लेक शाळेतून आली ती कुरकुरतच. "आई, पाऊस आत आला." रेनकोट काढला, तर खरंच तिचे खांदे, पाठ, कोपर, सगळं दमट. रेनकोट उलटा करून शिवणी तपासल्या, कुठे फट नाही. पाणी पावसाचं नव्हतंच. बसथांब्यापासून घरापर्यंत ती पळत आली होती. तिच्या अंगाची वाफ रेनकोटच्या गार प्लॅस्टिकला लागून आतून पाणी झाली होती.

हा त्रास रेनकोटइतकाच जुना आहे. ग्लासगोच्या चार्ल्स मॅकिन्टॉशने १८२३ साली दोन कापडांच्या मधे रबराचा थर घालायच्या पद्धतीचं पेटंट घेतलं. पाणी थांबलं, पण घामही थांबला. शिवाय ते कोट थंडीत कडक व्हायचे आणि उन्हाळ्यात चिकट. पुढे थॉमस बर्बेरीने १८७९ साली वेगळा विचार केला. वर थर लावायच्या ऐवजी त्याने सूतच आधी जलरोधक करून घेतलं आणि मग ते दाट विणलं. त्या कापडातून, म्हणजे गॅबर्डिनमधून, हवा खेळायची. आणि १९६९ साली बॉब गोर यांनी टेफ्लॉनच्या जातीचं एक प्लॅस्टिक झटक्यात ताणलं, तर त्याची अतिसूक्ष्म छिद्रांची जाळी झाली. पाण्याचा थेंब आत शिरणार नाही, पण वाफ बाहेर पडेल, इतकी बारीक छिद्रं. रेनकोटांच्या कापडात वापरतात ते गोरटेक्स हेच. जवळजवळ दीडशे वर्षं माणसं पाणी अडवण्यापेक्षा वाफ बाहेर काढण्यासाठीच जास्त झटली, असं मला हे वाचताना वाटलं.

तिला एवढं सगळं सांगितलं नाही. काखेखाली झडपा असलेला रेनकोट घेऊ म्हटलं. तिला तो पिवळाच हवा आहे.

गुरुवार

फॉइल उचललं. आतली बाजू कोरडी. खोलीकडची बाजू घामेजलेली, बोटाने रेघ ओढली तर थेंब घरंगळला.

म्हणजे पाणी घरातलंच. रंगवणाऱ्यावरचा माझा राग निम्म्यावर आला.

कुठलं पाणी, हे शोधायला फार लांब जावं लागलं नाही. पावसामुळे गेले कित्येक दिवस धुतलेले कपडे झोपायच्या खोलीत वाळत घालतेय. कपाटाच्या शेजारीच तो घडीचा स्टँड. आज मुद्दाम वजन केलं. यंत्रातून पिळून निघालेले कपडे बादलीत घालून वजनकाट्यावर ठेवले, बादलीचं वजन वजा केलं. साडेपाच किलो. धुण्याआधी तेच कपडे कोरडे ३ किलो ६०० ग्रॅम भरले होते. जवळजवळ दोन लिटर पाणी, आणि ते सगळं हवेत जाणार. माझी खोली साधारण ३० घनमीटर. २० अंश सेल्सिअसला एका घनमीटर हवेत जास्तीत जास्त १७ ग्रॅम वाफ मावते. म्हणजे अख्ख्या खोलीत अर्धा किलोच्या आसपास. मी तिथे एका वेळी दोन किलो पाणी टांगत होते, वर खिडकी बंद, कारण बाहेर पाऊस!

ते पाणी मग जिथे गार जागा मिळेल तिथे बसतं. खोलीत २० अंश आणि ७० टक्के आर्द्रता असेल, तर १४ अंशांच्या कुठल्याही पृष्ठभागावर दव धरतं. बाहेरची भिंत, त्यात तिला कपाट चिकटवलेलं, मागे खोलीची ऊब पोचत नाही. तिथे १४ अंश सहज असणार. धुतलेल्या कपड्यांनीच कपाटातले कपडे खराब केले. लेकीच्या रेनकोटसारखंच झालं माझ्या घराचं.

शुक्रवार

आज कपड्यांची निवड केली, आणि यंदा रंगाच्या आधी दुसरंच बघितलं. भिजलं तर रात्रीतून वाळेल का?

स्वयंपाकघरातला काटा घेऊन बसले. जीन्स कोरडी ६४० ग्रॅम, धुऊन पिळल्यावर १,०१०. म्हणजे एकटी जीन्स पावणेचारशे ग्रॅम पाणी घरात आणते. निळी पातळ पॅन्ट, पॉलिएस्टरमिश्रित, ३१० ची ३९० झाली. फरक फार आहे. सुती धागा स्वभावानेच पाणी ओढून घेतो, पॉलिएस्टर जवळपास घेतच नाही, थेंब नुसते विणीत अडकलेले असतात. लोकर आणखी वेगळी. ती आपल्या वजनाच्या ३० टक्क्यांपर्यंत बाष्प पोटात घेते तरी हाताला ओली लागत नाही, आणि ते घेताना थोडी ऊबही सोडते. माळ्यावर टाकायला निघालेल्या सगळ्या लोकरी कपड्यांवर अन्याय करत होते मी. जाडजूड गेले वर, पण पातळ मेरिनोचे दोन गोल गळ्याचे टॉप आणि हळदी रंगाचं कार्डिगन खालीच ठेवलं.

जीन्स एकच ठेवली, कोरड्या दिवसासाठी. ती आवडते म्हणून. बाकी: निळी पॅन्ट, घोट्याच्या वर संपणारी, कारण शिंतोडे पहिले काठावर उडतात आणि ओला काठ दिवसभर पोटरीला थंड लागत राहतो. एक फिकट हिरवी, तशाच कापडाची. पांढरा पातळ शर्ट. स्कार्फ दोन, रंगीत. करड्या दिवशी चेहऱ्याजवळ रंग असला की आरशात बघताना बरं वाटतं, हे मी अगदी मनापासून सांगते. रबरी तळव्याचे घोट्यापर्यंतचे बूट. स्वेडचे बूट डब्यात, पाऊस थांबेपर्यंत.

माझ्या पावसाळी जॅकेटवर पूर्वी पाण्याचे मणी व्हायचे आणि घरंगळून जायचे. हल्ली कापड पाणी पिऊन काळं पडतं. टाकून द्यायला निघाले होते. पण हे बऱ्याचदा नुसत्या मळाने आणि कपडे मऊ करायच्या द्रवाने होतं. साध्या साबणाने धुतलं, खूप वेळ खळबळलं, वाळल्यावर लेबलवर परवानगी आहे हे बघून मंद इस्त्री फिरवली, मधे सुती फडकं ठेवून. नळाखाली बाही धरली. मणी! लेकीला हाक मारून दाखवलं. मग दोघींनी पाच मिनिटं तोच उद्योग केला.

शनिवार

आजचा दिवस घराचा.

कपाट आतल्या भिंतीला नेलं, आणि तिथेही चार बोटं अंतर सोडून. रिकाम्या झालेल्या भिंतीचे पोपडे पत्र्याने खरवडले. मास्क बांधला, खरवडण्याआधी भिंत किंचित ओलसर केली म्हणजे बुरशीची धूळ उडत नाही. साबणाच्या पाण्याने पुसून घेतली. लगेच रंगवायची नाही. निदान महिनाभर उघडी ठेवणार, पंखा लावून, आणि मग वाफेला वाट देणारा चुन्याचा रंग. खोली तोवर अर्धवट दिसेल. दिसू दे.

कपड्यांचा स्टँड न्हाणीघरात गेला. दार बंद, एक्झॉस्ट फॅन चालू, दाराखाली फट आहेच. दोन कपड्यांत हाताचा पंजा मावेल एवढी जागा सोडून वाळत घातलं, तर सकाळचे कपडे संध्याकाळी वाळले. झोपायच्या खोलीत दीड दिवस लागायचा.

आणि खिडकी. मला हे पटायला सगळ्यात जास्त वेळ लागला. भर पावसात खिडकी उघडायची? बाहेर १० अंश होते. १० अंशांच्या हवेत, ती कितीही भरलेली असली, तरी घनमीटरला साडेनऊ ग्रॅमच्या आत वाफ असते. तीच हवा आत येऊन २० अंशांना तापली की तिची आर्द्रता ५५ टक्क्यांच्याही खाली येते. समोरासमोरच्या दोन खिडक्या दहा मिनिटं सताड उघडल्या. आर्द्रतामापकावर ७१ वरून ५८. बाहेर आतल्यापेक्षा गरम आणि दमट असेल तेव्हा हे करून उपयोग नाही, तेव्हा उलट ओल आत येईल. पण आमच्या या गार पावसाला हे अगदी चपखल लागू पडतं. ६० च्या खाली राहिलं की बुरशीला जोर धरता येत नाही.

दारापाशी तीन खुंट्या ठोकल्या, एक लेकीच्या उंचीवर. खाली बुटांसाठी पसरट ट्रे. ओल्या बुटांत वर्तमानपत्राचे बोळे, तासाभराने बदलायचे. मखमली पडदे काढून पातळ सुती, सायीच्या रंगाचे लावले. खोली एकदम मोठी झाली. दुपारी चारला दिवा लावावा लागायचा, आज साडेपाचपर्यंत नाही लागला.

रविवार

सकाळी चाळीस मिनिटं ऊन पडलं. खरंखुरं, सावली पडेल असं. बुरशीचा तो पिवळा शर्ट आधी बाहेर नेऊन कोरड्या ब्रशने झटकला होता, काल दोनदा धुतला होता. तो खिडकीच्या दांडीला लावला. वाऱ्याने त्याच्या बाह्या हलत होत्या. उन्हं गेल्यावर खाली घेतला. ठिपके फिके झालेत, गेले नाहीत. जवळून बघणाऱ्याला दिसतील.

नाकाला लावून पाहिला. साबणाचा वास, आणि किंचित उन्हाचा. घातला, वर हळदी कार्डिगन चढवलं, पाठ झाकली गेली.

पावसाचे पहिले थेंब खिडकीच्या पत्र्यावर वाजले, आणि तापलेल्या जमिनीवर पाणी पडल्यावर येतो तो वास आला. लेक धावत गेली. मला वाटलं खिडकी लावायला. ती आर्द्रतामापकासमोर उभी राहून ओरडली, "आई, छप्पन्न! उघडीच ठेवू का अजून जरा?"

ठेव म्हटलं.