दिव्यांवर आळ

गेल्या पावसाळ्यातलं काम आहे, पुण्यातच, सिंहगड रोडला. एक ताई राहत्या फ्लॅटमध्ये मायक्रोग्रीन्स, म्हणजे खायचे कोवळे कोंब, आणि लेट्यूस पिकवते आणि कॅफेवाल्यांना पुरवते. धाकट्या बेडरूममध्ये आठ बाय चारचा काळा टेंट उभा केलाय, साडेसहा फूट उंच, आतून सगळा चकचकीत चंदेरी, म्हणजे दिव्याचा उजेड वाया न जाता परत पानांवर पडतो. तक्रार एवढीच की सकाळी सहाला घरची लाईट जाते. सोसायटीची नाही, फक्त हिची. सहाला टेंटमधले दिवे टायमरवर लागतात आणि त्याच क्षणी ईएलसीबी, म्हणजे करंट कुठे गळाला की लाईन तोडणारा स्विच, खाली. कधीकधी मात्र काहीच होत नाही, आणि ते जास्त डोकं फिरवणारं, कारण रोज होणारा फॉल्ट पकडता येतो, मूड असेल तेव्हा येणारा फॉल्ट माणसाला म्हातारा करतो.

माझ्याआधी एक जण येऊन गेला होता. त्याने सांगितलं लोड जास्त होतोय, लाईट बदला. तिने एक लाईट बदलला पण, फरक शून्य. मग तो म्हणाला ईएलसीबीच काढून टाकू, कटकट मिटेल. हे तिने ऐकलं नाही, नशीब. मला या सल्ल्याचा फार राग येतो. एमसीबी, म्हणजे लोड वाढला की पडणारा स्विच, वायरला वाचवतो, तुम्हाला नाही. अंगातून शंभर मिलीअँपिअर गेला तर माणूस जाऊ शकतो, आणि तेवढ्याचा एमसीबीला पत्ताही लागत नाही. तीस मिलीअँपिअरचा ईएलसीबी त्याच्यासाठीच असतो, आणि इथे तर बाई ओल्या हाताने, कधी अनवाणी, ट्रे उचलायला आत शिरते.

टेंटची चेन उघडली आणि आधी गप्प उभा राहिलो. झाडं मस्त, मोहरी, मुळा, सूर्यफूल, एका बाजूला लेट्यूसच्या रांगा. आणि खाली वायरींचा नुसता गुंताडा. एक्स्टेंशन बोर्डात दुसरा एक्स्टेंशन बोर्ड, त्यात मल्टीप्लग, त्यात अजून एक, टायमर त्याच्यावर लोंबकळतोय, आणि हे सगळं टेंटच्या तळाशी जे प्लास्टिकचं अंथरूण असतं ना, पाणी सांडलं तर अडवायला, त्याच्यावर आडवं पडलेलं. म्हणजे पाणी जिथे मुद्दाम साठवलं जातं तिथेच बोर्ड. मधल्या बोर्डाचं एक सॉकेट बिस्किटासारखं भाजलेलं, प्लग ओढला तर पितळी पिन काळी.

तरी लगेच हात घातला नाही. पहिलं, खाली काय पडतं ते बघायचं. एमसीबी पडत नव्हता, फक्त ईएलसीबी. म्हणजे लोडचा प्रश्न नाही, लीकेजचा आहे. तरी तिची खात्री पटावी म्हणून हिशोब मांडला. दोन क्वांटम बोर्ड, म्हणजे एलईडीचे मोठे सपाट दिवे, प्रत्येकी 240 वॅट. रॅकवर पाच कप्पे, कप्प्याला वीस वॅटच्या दोन टी-फाइव्ह ट्यूब, म्हणजे 200. एक्झॉस्ट फॅन साठ, दोन क्लिप फॅन मिळून चाळीस, पंप वीसच्या आसपास. सगळे मिळून 800 वॅट, 230 व्होल्टला साडेतीन अँपिअर. क्लॅम्प मीटर लावला तर आकडा तेवढाच. साडेतीन अँपिअर म्हणजे इस्त्रीपेक्षा कमी.

इस्त्रीवरूनच सुचलं. म्हटलं ताई, इस्त्री आणा. दिव्यांचे सगळे प्लग काढले आणि त्याच शेवटच्या बोर्डात हजार वॅटची साधी इस्त्री लावली. स्विच टाकला, खट्, घर बंद. तिचं तोंड बघण्यासारखं होतं, कारण इतके दिवस सगळे दिव्यांच्या मागे लागलेले आणि दिवे तर बाहेर टेबलावर पडलेत. म्हटलं इस्त्री खराब असेल, किचनच्या सॉकेटमध्ये लावून बघितली, आरामात चालली. म्हणजे दिवा असो इस्त्री असो, त्या बोर्डावर मोठा करंट ओढला की ट्रिप.

मग एकेक प्लग काढत गेलो. एक्झॉस्ट काढला, तरी ट्रिप. क्लिप फॅन, तरी ट्रिप. पंपाचा प्लग काढला आणि इस्त्री चालू झाली. गंमत म्हणजे पंप त्या वेळी बंद होता, त्याच्या टायमरची वेळच झाली नव्हती. हेल्परने विचारलं, दादा बंद पंपातून लीक कसं होईल? बरोबर प्रश्न आहे, भल्याभल्यांना इथे फसायला होतं. टायमर फक्त फेज तोडतो. न्यूट्रल पंपापर्यंत कायम जोडलेलाच राहतो. आणि न्यूट्रल म्हणजे शून्य व्होल्ट हे पुस्तकात. लांबलचक बारीक वायर, दोनतीन बोर्ड, ढिले सॉकेट, त्यातून साडेतीन अँपिअर परत येतो तेव्हा टोकाला न्यूट्रल अर्थच्या मानाने दोनअडीच व्होल्ट वर उचलला जातो. पुढे कुठे न्यूट्रल आणि अर्थ एकमेकांना चाटत असतील तर त्यातला थोडा करंट अर्थमधून पळतो. ईएलसीबी बघतो की गेला तेवढा परत आला नाही, आणि पडतो. दिवे लागेपर्यंत करंट कमी, न्यूट्रल खाली, त्यामुळे रात्रभर शांत. सहा वाजता दिवे लागले की न्यूट्रल उचलला, खेळ खलास. बिचारे दिवे उगाच बदनाम.

पंपाची वायर हातात धरून मागे मागे गेलो तर टाकीच्या मागे, अंथरुणावर, काळी टेप गुंडाळलेली एक गाठ. पंपाची ओरिजनल वायर कमी पडली म्हणून कुणीतरी जोड दिलेला, तिला आठवेना कुणी. टेप चिकट होऊन सरकलेली, उलगडली तर आतून थेंबभर पाणी. साधं पाणी नाही, खत घातलेलं पाणी, त्यात क्षार असतात म्हणून ते करंट जास्त चांगला नेतं. एका बाजूला निळी आणि हिरवी-पिवळी, दुसऱ्या बाजूला काळी आणि हिरवी, पिळ मारलेल्या तारा, सगळ्यांवर हिरवा थर, आणि त्या थरातून न्यूट्रल आणि अर्थ एकमेकांना टेकलेले. मीटर लावला, शंभर ओहमच्या आत. जिथे मेगरवर, म्हणजे इन्सुलेशन तपासायच्या मीटरवर, कमीत कमी एक मेगओहम मिळायला पाहिजे तिथे हे. कधी ट्रिप होतं कधी नाही याचं कारण पण तेच, गाठ कोरडी असली तर वाचायचं, टाकी भरताना सांडलं की दुसऱ्या दिवशी सहाला लाईट गेली.

गाठ कापली, पंप अखंड वायरवर घेतला, फॉल्ट गेला. तिथे हजार-बाराशे घेऊन निघता आलं असतं. पण तो पसारा तसाच टाकून जायला जीव होईना, आणि तिलाही कळलं होतं की आज गाठ सापडली, उद्या ते भाजलेलं सॉकेट पेटेल. म्हणाली दादा एकदाच नीट करून टाका, पण झाडं आज रात्री अंधारात राहिली तर चालतील, उद्या सकाळी उजेड पाहिजे. तिच्या लेट्यूसना दिवसाला सोळा तास लाईट लागतो, बाकी आठ तास अंधार, त्यामुळे वेळ तेवढीच होती.

आधी सगळं बाहेर काढलं. डीबीतून, म्हणजे घरच्या एमसीबींच्या पेटीतून, टेंटसाठी स्वतंत्र लाईन ओढली, अडीच स्क्वेअर एमएम, केसिंग पट्टीतून. त्याला दहा अँपिअरचा सी-कर्व्ह एमसीबी आणि स्वतःचा तीस मिलीअँपिअरचा ईएलसीबी. हा टॅप घरच्या ईएलसीबीच्या आधी घ्यायचा, नाहीतर टेंटमध्ये काही झालं की फ्रीज पुन्हा बंदच. सी-कर्व्ह एवढ्यासाठी की एलईडी ड्रायव्हर, म्हणजे दिव्यासाठी एसीचा डीसी करणारा डबा, चालू होताना क्षणभर साठसत्तर अँपिअरचा झटका ओढतो, मिलीसेकंदापेक्षा कमी वेळ, पण बी-कर्व्ह कधीकधी तेवढ्यावरही घाबरतो. ह्याच झटक्याने टायमरचे पॉइंट चिकटतात. तिचा एक टायमर ऑफच होत नव्हता, ती समजत होती सेटिंग चुकलंय. मी टायमरच्या पुढे कॉन्टॅक्टर, म्हणजे कॉइलवर चालणारा दणकट स्विच, टाकला, टायमरने फक्त कॉइल सांभाळायची, आणि दुसरा लाईट एक मिनिट उशिराने लावला.

टेंटच्या बाहेर भिंतीवर छातीच्या उंचीला एक प्लायचा तुकडा ठोकला आणि सगळे सॉकेट, टायमर, कॉन्टॅक्टर त्याच्यावर. क्वांटम बोर्डांच्या पाठीवरचे ड्रायव्हर पण काढून तिथेच बसवले. ड्रायव्हर सातएक टक्के पॉवर उष्णतेत घालवतो, 240 वॅटला सोळासतरा वॅट, दोघांची तीसेक वॅटची भट्टी टेंटबाहेर गेली. आणि 230 व्होल्ट जेवढा टेंटबाहेर राहील तेवढं बरं. आत बोर्डांना फक्त डीसी गेला. ही डीसी वायर फार लांबवायची नाही आणि बारीक घ्यायची नाही, मी दीडची वापरली.

वायरी आत न्यायला टेंटला नाडीवाल्या बाह्या असतात, त्यातूनच नेल्या. वरच्या बाहीतून लाईट, खालच्यातून पंप, एकत्र नाही. बाहीला बाहेरच्या बाजूला थोडा झोल दिला, म्हणजे वायरीवरून पाणी ओघळलं तर झोलाच्या तळाशी टपकेल, सॉकेटकडे चढणार नाही. प्लायवरच्या प्रत्येक प्लगला पण तसंच, वायर आधी खाली उतरली पाहिजे मग वर वळून प्लगमध्ये. एवढी साधी गोष्ट आहे पण घरोघरी वायर वरून सरळ सॉकेटमध्ये उतरलेली दिसते.

दिवे वरखाली करावे लागतात, रोप वाढतं तसं. आधी वायर त्याच दोरीला बांधलेली होती, त्यामुळे दिवा खाली घेतला की कनेक्टरवर ताण. मी वायर टेंटच्या वरच्या पाईपला बांधली आणि तिथून दिव्यापर्यंत एक मोकळा वळसा ठेवला, दिवा सगळ्यात खाली घेतला तरी पुरेल इतका. प्लास्टिकच्या टाय नाही वापरल्या, वेल्क्रोच्या पट्ट्या, कारण ही बाई दर आठवड्याला काहीतरी हलवणार आणि कात्रीने टाय कापताना वायर कापणार.

टी-फाइव्ह ट्यूबमध्ये एक भलतंच सापडलं. त्या एकीतून दुसरीत जोडत जातात, आणि शेवटच्या ट्यूबचं टोक उघडं राहतं. त्याला रबरी टोपी येते, इथे पाचही कप्प्यांच्या टोप्या गायब. म्हणजे फवारणी करताना जिथे धुकं बसतं तिथे 230 व्होल्टची उघडी भोकं. ती म्हणाली, ते टोपण होय, मला वाटलं पॅकिंगचं आहे, टाकून दिली. नवीन टोप्या मिळेपर्यंत सिलिकॉन भरला. लोखंडी रॅकला अर्थ नव्हता, तो दिला.

शेवटी प्रत्येक वायरच्या दोन्ही टोकांना मास्किंग टेप आणि मार्कर. लाईट डावा, लाईट उजवा, रॅक, पंप, एक्झॉस्ट. एक्झॉस्टवर लाल रेघ, हा बंद करायचा नाही. दिवे लागले की आत लगेच तापतं आणि दमटपणा साचला की मुळ्याच्या कोंबांना बुरशी धरते, हे मला तिनेच सांगितलं.

मधे एक पाहुणी येऊन गेली, समोरच्या फ्लॅटमधल्या काकू. दाराच्या फटीतून गुलाबी उजेड दिसतो म्हणून सोसायटीत कुजबुज होती की ही आत गांजा पिकवते. हिने आधीच सेक्रेटरींना बोलावून टेंट दाखवला होता आणि सूर्यफुलाचे कोंब घालून भेळ खायला दिली होती. तरी काकूंना खात्री करायची होती. मला विचारलं, काय हो, आत नक्की काय आहे? म्हटलं काकू, माझ्यापुरत्या तर वायरीच आहेत.

रात्री उशिरा ईएलसीबीचं टेस्ट बटण दाबून दाखवलं, तिच्याकडून पण दाबून घेतलं आणि दर महिन्याला दाबायला सांगितलं. मग दोन्ही लाईट, रॅक, पंप, सगळं एकदम चालू करून इस्त्री पण लावली. काही पडलं नाही. लीकेजचा क्लॅम्प लावला तर दोन मिलीअँपिअरच्या आत, तो ड्रायव्हरच्या फिल्टरचा, तेवढा असतोच.

बिलावर थोडी घासाघीस झाली, ती व्हायचीच. मग विचारत होती की हॉलमध्ये दुसरा टेंट टाकला तर याच लाईनवर चालेल का. म्हटलं दिवे चालतील, प्लायवर दोन सॉकेट रिकामे ठेवलेत, पण पावसाळ्यात तो डीह्युमिडिफायर लावता ना, तो यावर नाही, त्याला सोळाचा वेगळा पॉइंट काढू, दिवाळीनंतर फोन करा.