आमचा नाताळ वाडीत पिकतो

डिसेंबर लागला की ऑफिसात, लोकलमध्ये, मुलाच्या शाळेच्या फाटकाशी प्रश्न येतोच: “तुम्ही ख्रिश्चन ना? मग तुमच्याकडे नाताळात नेमकं काय काय असतं?” विचारणाऱ्याच्या डोळ्यांपुढे गोवा तरी असतो, नाहीतर सिनेमातलं वांद्रे. मी वसई तालुक्यातल्या नंदाखालची. घरात आम्ही सामवेदी बोलतो. हीच बोली इथले सामवेदी ब्राह्मणही बोलतात. पिढ्यानपिढ्या केळी, पानवेल, भाजी आणि फुलं यांवर आमची घरं चालली. म्हणून मला उत्तर वाडीपासून द्यावं लागतं.

खरं सांगायचं तर आमच्या नाताळाचा बराचसा खर्च तुमच्या मार्गशीर्षातल्या गुरुवारांवर निघतो. महालक्ष्मीच्या घटाला फुलं लागतात, डहाळ्या लागतात, केळी लागतात. वसईची फुलं पहाटेच्या लोकलने दादरच्या बाजारात जातात. बुधवारी वाडीत कुणाला मान वर करायला सवड नसते. सोनचाफा, मोगरा, जे हाती येईल ते खुडून, ओल्या फडक्यात बांधून टोपल्या भरायच्या. आई रात्री झोपायची तरी कधी, हे मला लहानपणी कळत नसे. त्या महिन्यात भाव बरा मिळाला तर आम्हा भावंडांना नवे कपडे, नाहीतर गेल्या वर्षीचेच इस्त्री करून. त्यामुळे मार्गशीर्ष कधी लागतो हे आमच्या घरी चर्चच्या कॅलेंडरइतकंच बारकाईने पाहिलं जाई.

खाण्याचं सगळ्यात जास्त विचारतात, म्हणून थोडं सविस्तर. करंज्या आमच्याकडेही होतात आणि त्या तुमच्यासारख्याच होतात. यात कुणाची निराशा झाली तर नाइलाज आहे. सांदणं होतात, फुगे म्हणजे आंबवलेल्या पिठाचे गोल वडे तळले जातात. मटण-कोंबडी तर असतेच, आणि काही घरांत सिरका घालून डुकराच्या मांसाचं इंदाल. त्यात पडणारा मसाला उन्हाळ्यात कुटून गडद काचेच्या बाटल्यांत दाबून भरलेला असतो. बाटली उघडली की वास शेजारच्या वाडीपर्यंत जातो. शेजारी मार्गशीर्ष पाळणारे असले तर त्यांच्या ताटात फक्त करंज्या आणि सुकेळी जातात, हे न सांगता ठरलेलं आहे.

सुकेळी मात्र खास आमच्या पट्ट्यातली. पिकलेली राजेळी केळी सोलून कडक उन्हात वाळवायची, संध्याकाळी दंव पडायच्या आत घरात घ्यायची, सकाळी पुन्हा बाहेर. असं काही दिवस केलं की ती मधाच्या रंगाची, चिवट-गोड होतात. आगाशीची सुकेळी नावाजलेली. कार्तिक वद्यातल्या निर्मळच्या जत्रेत ती विकायला येतात. जत्रा शंकराचार्यांच्या मंदिराची, पण सुकेळी घ्यायला आम्हीही जातो आणि येताना नाताळापुरती बाजूला काढून ठेवतो. ती तेवढे दिवस टिकतात, मुलांच्या हातून टिकत नाहीत. आता करणारी घरं थोडी राहिली. राजेळीची लागवड कमी, ऊन बेभरवशाचं, आणि दिवसभर केळी उलटीपालटी करत बसायला कुणी घरी नाही. भाव ऐकून लोक नाक मुरडतात. मला तो भाव कमीच वाटतो.

केक? केक आमच्याकडे उशिरा आला, बेकरीतून आला, आणि आता प्रत्येक पाहुणा तोच आणतो.

“मग तुम्ही मूळचे पोर्तुगीज का?” हा उपप्रश्न आडनाव ऐकून येतो. नाही. पोर्तुगीज १५३४ पासून वसईत होते, १७३९ मध्ये चिमाजी अप्पांनी वसई घेतली. चर्चच्या घंटा मराठ्यांनी नेल्या. भीमाशंकरला, वाईजवळ मेणवलीला त्या आजही टांगलेल्या आहेत. आमचे पूर्वज इथेच भाजी लावत राहिले.

धार्मिक भाग थोडक्यात. नाताळाआधीचे चार रविवार आगमनकाळाचे, म्हणजे येशूजन्माच्या तयारीचे. तेव्हा लग्नं लावत नाहीत, म्हणून नाताळ उलटला की एकदम लग्नांची रांग लागते. परगावचे, परदेशातले नातेवाईक आलेले असतातच, त्यांनाही सोयीचं. मध्यरात्रीची मिस्सा, म्हणजे चर्चमधली उपासना, मराठीत असते. आजीच्या तरुणपणी ती लॅटिनमध्ये असे. १९६२ ते १९६५ च्या कॅथलिक चर्चच्या दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेनंतर लोकभाषा आल्या. आजीला मात्र लॅटिन प्रार्थना शेवटपर्यंत तोंडपाठ होत्या. अर्थ विचारला की ती म्हणायची, “देवाला कळतं ना, मग झालं.” गाणी मराठीत असतात, हल्ली सामवेदीतही होतात, आणि गाणाऱ्या पोरांची टोळी घरोघर फिरते तेव्हा कुत्री त्यांच्याहून वरच्या पट्टीत लागतात.

गोठा, म्हणजे येशूजन्माचा देखावा, करायचं काम पोरांचं. भातकापणी दसरा-दिवाळीच्या सुमारास उरकते, त्यामुळे डिसेंबरात ताजा पेंढा अंगणात पडलेलाच असायचा. वाटीत गहू पेरून त्याची पाती गोठ्याभोवती शेत म्हणून लावायची. हल्ली आमच्या आळीत भात लावणारे फारसे नाहीत, पेंढा विकत आणतात. एका वर्षी पोरांनी गोठ्याशेजारी बावखल केलं: मातीचा खड्डा, त्यात पाणी, काठावर केळीची पोरं. बावखल म्हणजे वाडीला पाणी देणारं आमचं गोड्या पाण्याचं तळं. कितीतरी बावखलं भराव टाकून बुजवली गेली, वर इमारती उभ्या राहिल्या. देखाव्याला बक्षीस मिळालं. मला मात्र राग आला, बक्षिसाचा नव्हे, टाळ्या वाजवणाऱ्यांत भराव टाकणारेही पहिल्या रांगेत होते त्याचा. परंपरा जपा म्हणून भाषणं करणाऱ्यांनी आधी पाण्याचं बघावं. वाडी गेली तर फुलं नाहीत, केळी नाहीत. मग आमच्याकडेही चांदणीचा आकाशकंदील आणि केक एवढंच उरेल, ते कुठल्याही मॉलमध्ये मिळतं.

आता “आम्ही कधी येऊ?” २५ला सकाळी नको. रात्रभर जागून घरातली सगळी माणसं आडवी झालेली असतात, आणि रस्ते राजोडी-अर्नाळ्याच्या रिसॉर्टांकडे निघालेल्या गाड्यांनी भरलेले. ३१लाही तेच, शिवाय त्या रात्री पोरं सरत्या वर्षाचा म्हातारा म्हणून पुतळा जाळतात आणि त्याच्या वर्गणीसाठी प्रत्येक वळणावर दोरी आडवी धरून उभी असतात. मधल्या एखाद्या दिवशी या. विरारला पश्चिमेला उतरा, आगाशीच्या बाजूची बस किंवा शेअर रिक्षा धरा. येण्याआधी फोन करा, कारण त्या आठवड्यात आम्ही बहुधा कुणाच्या तरी लग्नात असतो. तसं असलं तर तुम्हीही तिथेच जेवायला चला.