संशयकल्लोळ, आमच्या बेळगावी हेलात

आमच्या मंडळाने यंदा 'संगीत संशयकल्लोळ' बसवायला घेतलंय आणि सध्या डोक्यात दुसरं काही शिरतच नाही, त्यामुळे आजची पोस्ट त्याच्यावरच. मी स्टेजवर नाहीये, प्रॉम्प्टिंग माझ्याकडे आहे. विंगेत संहिता घेऊन बसलं की नाटक कुठे पळतं आणि कुठे बसकण मारतं ते जेवढं कळतं तेवढं पहिल्या रांगेतूनही कळत नाही, हे माझं ठाम मत.

हेच नाटक का, असं बरेच जण विचारालेत. एक तर विनोदी संगीत नाटक म्हटलं की मराठीत पहिलं नाव हेच येतं. आणि दुसरं म्हणजे हे नाटक लिहिणारे गोविंद बल्लाळ देवल जन्मले सांगलीजवळ हरिपूरला, पण शिकले आपल्या बेळगावात, आणि मॅट्रिक झाल्यावर इथल्या हायस्कुलात काही काळ शिकवलंही त्यांनी. मराठी संगीत नाटकाचा पाया घालणारे अण्णासाहेब किर्लोस्कर तर आपल्याच जिल्ह्यातले, सौंदत्ती तालुक्यातल्या गुर्लहोसूरचे, आणि देवल त्यांच्याच तालमीत तयार झाले. म्हंजे मराठी संगीत नाटक पुण्या-मुंबईकडून आपल्याकडे आलं असं जे आपल्या पोरांना वाटतं ना, ते तसं नाही, त्याची बरीचशी मुळं इथल्याच मातीत आहेत आणि हे आमच्या ग्रुपमधल्या कॉलेजच्या मुलांना पहिल्या वाचनाला सांगितलं तेव्हा त्यांचे चेहरे बघण्यासारखे झाले होते.

गोष्ट थोडक्यात सांगते. फाल्गुनराव बायकोवर संशय घेणारा, बायको कृत्तिका नवऱ्यावर संशय घेणारी. रस्त्यात रेवतीला चक्कर येते, फाल्गुनराव तिला सावरतो, नेमकं तेच कृत्तिका वरून बघते. रेवतीजवळची तिच्या प्रियकराची, अश्विनशेठची तसबीर खाली पडते, ती कृत्तिकेला सापडते, ती कौतुकाने न्याहाळत असताना फाल्गुनराव तिला बघतो. पुढे तीच तसबीर फाल्गुनरावाकडे आहे हे अश्विनशेठला कळतं आणि मग त्यालाही रेवतीचा संशय. मूळ धागा फ्रान्सच्या मोलिएरचा, 1660 सालचा, तो मर्फी नावाच्या लेखकामार्फत इंग्रजीतून देवलांकडे आला. त्यांनी आधी ते गद्य लिहिलं, नंतर पदं घातली, आणि 1916 साली गंधर्व नाटक मंडळीने ते संगीत रूपात आणलं, रेवती बालगंधर्व आणि फाल्गुनराव गणपतराव बोडस. देवल त्याच वर्षी गेले.

आता आमची पहिली मोठी चर्चा. अश्विनशेठ करणारा मुलगा म्हणाला, ताई, आजच्या काळात करूया की, तसबिरीच्या जागी मोबाईल ठेवूया, लोकांना रिलेट होईल. कल्पना ऐकायला बरी वाटली, दोन तालमी आम्ही तशा करूनही बघितल्या, पण चालेना, आणि का चालेना ते बघताना मला हे नाटक खरं कळलं. मोबाईलमधला फोटो शंभर जणांकडे असू शकतो, तो डिलीट होतो, फॉरवर्ड होतो, कुणाकडे दिसला तर आला असेल ग्रुपवर म्हणून विषय संपतो. तसबीर मात्र एकच आहे. ती याच्या हातात आहे म्हंजे त्याच्या हातात नाही, आणि याच्याकडे आली म्हंजे कुणीतरी दिलीच असणार, बस, या एका गोष्टीवर सगळा संशय उभा आहे. प्रेक्षकाला ती कशी आली ते माहीत असतं आणि स्टेजवरच्या एकालाही माहीत नसतं, हसू तिथून येतं. म्हणून ती तसबीर शेवटच्या रांगेला दिसली पाहिजे आणि तरी कृत्तिकेला पदराआड लपवता आली पाहिजे, आमच्या नेपथ्यवाल्या भाऊंनी वेगवेगळ्या साइजच्या फ्रेमा करून हॉलच्या मागच्या भिंतीपासून बघून मग एक नक्की केली.

गाण्यांचा प्रश्न मोठा. संगीत नाटकाला येणारा जुना रसिक गाणं ऐकायला येतो, त्याला ताना हव्यात, वन्स मोअर द्यायचा असतो. आणि फार्सला वेग लागतो. फाल्गुनराव संशयाने लाल झालाय, अश्विनशेठ समोर उभा आहे, आणि मध्येच दहा मिनिटं आलापी चालली तर प्रेक्षक आधी काय झालं होतं तेच विसरतो, मग पदानंतरचं वाक्य कितीही मजेदार असलं तरी पडतंच. आमच्या पेटीवाल्या काकांचं आणि माझं यावर चांगलंच वाजलं. शेवटी असं ठरलं की रेवती-अश्विनशेठच्या प्रेमाच्या जागी पद मोकळं गायचं, हवं तेवढं फुलवायचं, पण भांडणाच्या जागी पद म्हंजे त्या माणसाचं पुढचं वाक्यच आहे असं समजून गायचं, मुखडा, अंतरा आणि लगेच संवादावर. काही पदं गाळली. मला वाईट वाटलं, काकांना तर फारच, पण पूर्वी रात्र रात्र नाटकं चालायची, आता लोकांना दुसऱ्या दिवशी उद्यमबागच्या कारखान्यांत सकाळची शिफ्ट असते.

सुराचीही भानगड असतेच. पूर्वी नायक-नायिका दोन्ही पुरुषच करायचे, आता आमची रेवती गाते काळी चार पट्टीत आणि अश्विनशेठ काळी एकमध्ये, म्हंजे दोघांचा सा वेगळा, एकाचं पद संपून दोन वाक्यांत दुसरीचं सुरू. तबलजींना दोन तबले आधीच लावून शेजारी ठेवावे लागतात आणि पेटीने आधीच्या संवादाखाली हळूच नवीन षड्ज, म्हंजे सा, दिला नाही तर गाणारी बिचारी भलतीकडेच लागते. ही षड्ज द्यायची जागा मी संहितेत लाल पेनाने मार्क केलीय.

तबलजी आमचे गोकाककडचे, घरी कन्नड, मराठी समजतं पण देवलांची जुनी भाषा सगळी नाही कळत. तरी तसबिरीच्या प्रवेशाला ते हसून हसून ठेका सोडतात, आणि मला तीच खरी परीक्षा वाटते, शब्द सुटले तरी प्रसंग कळतोय म्हंजे बसलंय. पदांच्या चालींबद्दलही त्यांचं ऐकण्यासारखं असतं, किर्लोस्करांनी सुद्धा कानडी चाली घेतल्याच होत्या की. सीमेवरच्या गावात नाटक असंच दोन्हीकडून भरत गेलंय, विष्णुदास भावे 1843 साली सांगलीला मराठीतलं पहिलं नाटक करायला बसले तेही कर्नाटकातल्या भागवत मंडळींचा खेळ तिथे झाल्यावरच.

यावरूनच भादव्याचं ठरलं. भादव्या म्हंजे फाल्गुनरावाचा नोकर, आणि तो करणारा आमचा वडगावचा मुलगा, घरी माग आहेत. प्रमाण भाषेत बोलताना तो अडखळायचा, सगळं पाठ असून जीव नसायचा. एकदा चहाच्या वेळी तो सहज म्हणाला, "मला कशाला इचारालाय मालक, तुम्हीच बघा की!" आणि सगळा हॉल हसला. मी म्हटलं, हेच ठेव. दोन ज्येष्ठांना अजून पटलेलं नाही, देवलांच्या वाक्याला हात लावायचा नाही म्हणतात, आणि त्यांची तळमळ मला कळते कारण मीच संहिता धरून बसलेली असते, पण बाकी कुणाच्याही वाक्यात आम्ही शब्द बदललेला नाही, फक्त भादव्या आपल्या गल्लीतल्यासारखा बोलणार. प्रयोगात तो हशा आला की त्या दोघांनाही पटेल अशी मला खात्री आहे.

प्रयोग दिवाळीनंतर. नाट्यगृहाची तारीख हातात आली की इथेच टाकते. संध्याकाळी लवकर सुरू करणार आहोत, म्हंजे खानापूर, निपाणीकडच्या मंडळींना परत जायला बस मिळेल. नांदी चुकवू नका, सगळे मिळून उभ्याने गातात ती, आणि लहान मुलांना नक्की आणा, पदं नाही कळली तरी तसबीर त्यांना लगेच कळते, माझी भाची तालमीला बसून कृत्तिकेला ओरडून सांगते, "अगं तो रेवतीचाय!"