लाल पेनचा जाच

आमच्या शाखेत साहेबांच्या सहीशिवाय पान हलत नसे. चहाला उठायचं तरी सांगून. कॅशियरला वर आणखी एक जाच: नोटा मोजल्या की स्लिपच्या मागे लाल पेननं आपल्या हातानं तपशील लिहायचा आणि त्याखाली गिऱ्हाइकाची सही घ्यायची. बाकी कुठल्या शाखेत हे मी पाहिलं नाही.

10 नोव्हेंबर 2016, गुरुवार. पाचशे-हजाराच्या नोटा बंद झाल्यावर बँका उघडल्या तो पहिला दिवस. शटर वर जायच्या आधीच रांग रस्त्यावर. माणशी चार हजारांपर्यंत बदलून द्यायचे, फॉर्म आणि ओळखपत्राची झेरॉक्स घेऊन. अकराच्या सुमारास एक आजी आल्या. निराधारचे पैसे दर वेळी माझ्याच काउंटरवरून न्यायच्या. पदराच्या गाठीतून पाचशेच्या सात नोटा निघाल्या, हळदीचा वास येणाऱ्या. झेरॉक्सवर मात्र चेहऱ्याच्या जागी नुसता काळा डाग. मूळ मतदार कार्ड हातात, बाई समोर, मी ओळखतो. तरी साहेबांची सही हवी, आणि साहेब हेड ऑफिसच्या फोनवर. पाऊण तास आजी खांबाला टेकून बसल्या. रांग मला शिव्या घालत होती, आणि बरोबरच होतं तिचं. शेवटी दोन हजाराची एक आणि शंभराच्या पंधरा नोटा दिल्या. गुलाबी नोट उलटसुलट करत त्या म्हणाल्या, “आता ही कोन मोडून दील रं बाळा?”

रात्री नऊला कॅश जुळेना. अठरा हजार कमी. असली तूट कॅशियरच्याच खिशातून जाते. माझ्या तोंडचं पाणी पळालं. साहेबांनी आकडा पाहिला. “नऊनं भाग जातोय. आकडे उलटे पडलेत कुठंतरी. स्लिपा मागून बघा.”

साडेदहाला सापडली. पुढं गिऱ्हाइकानं 42,000 लिहिलेले, मी डोळे झाकून तेच खात्याला टाकलेले. मागं माझं लाल अक्षर: 500 × 48 = 24,000. खाली त्याची सही. वादाला जागाच नाही.

त्या जाचानं माझे अठरा हजार वाचवले, हे खरंच. पण पुढच्या बाजूला, त्या 42,000 च्या शेजारी, साहेबांचीही लफ्फेदार सही होती. दिवसाला शेकडो सह्या ठोकणारा माणूस वाचणार कधी? त्यांनीही ती पाहिली. स्लिप गठ्ठ्यात ठेवली, काही बोलले नाहीत.

दुसऱ्या दिवशी शटर उघडायच्या आत नवा हुकूम आला: स्लिपच्या मागेही साहेबांची सही लागेल.