याला फूल कधी येणार? तुम्ही विचारलंत म्हणून

गच्चीवर आलेला जवळपास प्रत्येक जण टबांकडे बघून हेच विचारतो. तर उत्तर असं, की कधीच नाही. एका टबात अझोला, दुसऱ्यात साल्विनिया, तिसऱ्यात चिखलात रुजलेला मार्सिलिया, आणि हे तिन्ही फर्न आहेत म्हणजे नेचे, त्यांना ना फूल येतं ना बी. मग लगेच पुढचं, अहो पण फर्नसारखं काहीच दिसत नाही की यात!

दिसण्यावर जाऊच नका. बहुतेक फर्नचे बीजाणू, म्हणजे बीऐवजी ज्यांच्यातून पुढची पिढी सुरू होते ते बारीक कण, एकाच मापाचे असतात, या मंडळींचे मात्र दोन मापांचे, मोठ्यातून मादी पिढी आणि बारक्यातून नर, आणि याच जोरावर त्यांचा साल्विनिएलीस हा वेगळा गण केलाय, डीएनए तपासल्यावरही तो तसाच टिकला. उलट अक्वेरियमच्या दुकानात वॉटर स्प्राइट म्हणून मिळतो तो पाण्यातला फर्नच, पण तो या गणातला नाहीच, तो आपल्या हंसराजच्या कुळातला.

मार्सिलिया तर तुम्ही भातखाचराच्या बांधाला नक्की पाहिला असेल, देठावर चार पानं. खरं तर ते एकच पान, चार पर्णिकांचं, आणि कोवळं असताना कुठल्याही फर्नसारखं गुंडाळलेलं. पाणी आटायला लागलं की देठाच्या बुडाशी बारीक कडक गोळ्या येतात, त्यांना स्पोरोकार्प म्हणतात, आत दोन्ही प्रकारचे बीजाणू बंद, आणि अशा कोरड्या गोळ्या वर्षानुवर्षं टिकतात. एका गोळीला ब्लेडने जरासा छेद द्या आणि वाटीभर पाण्यात टाका, थोड्या वेळात आतून जेलीसारखी पारदर्शक दोरी बाहेर यायला लागते, तिच्यावर दोन्ही बाजूंनी बीजाणूंच्या पिशव्या लटकलेल्या. ज्याने हे एकदा पाहिलं तो फुलाबद्दल परत विचारत नाही, असा माझा अनुभव आहे.

अझोला गाई-म्हशींना घालतात हे बऱ्याच जणांना माहीत असतं. त्याच्या प्रत्येक पानात एक पोकळी असते, तिच्यात नॉस्टॉक नावाचे जिवाणू राहतात आणि हवेतला नायट्रोजन पकडून देतात, आणि ते मोठ्या बीजाणूसोबत पुढच्या पिढीत आपोआप जातात.

आणि वर्गीकरण कशाला एवढं, म्हणणाऱ्यांना मी साल्विनियाचं सांगते. ब्राझीलची ही जात केरळपासून ऑस्ट्रेलियापर्यंत तळी झाकत सुटली होती, आणि लोक तिला दुसरीच जात समजत होते, १९७२ मध्ये कुठे तिला साल्विनिया मोलेस्टा हे स्वतंत्र नाव मिळालं. तिला खाऊन आटोक्यात आणायला आधी चुकीच्या जातीवरचे किडे आणून सोडलेले, त्यांनी फार काही केलं नाही. मग तिचं मूळ ठिकाण आग्नेय ब्राझीलमध्ये सापडलं, तिथला सोंडकिडा १९८० मध्ये ऑस्ट्रेलियात मून्डारा तलावात सोडला आणि साधारण वर्षभरात तलाव मोकळा झाला! गंमत म्हणजे तो किडाही वेगळ्या जातीचा आहे हे नंतर कळलं. वनस्पती नीट ओळखली नसती तर तो किडा शोधायला कोणी तिथे गेलंच नसतं.

अझोला हवा असेल तर डबा घेऊन या, मूठभर देईन. साल्विनिया मात्र मी कोणालाच देत नाही, एक तुकडा गावतळ्यात गेला तरी पुरतो.