ड्रमर नसलेली रेकॉर्ड

रविवार, रात्री साडेदहा, रोम

पाय प्रचंड दुखतायत पण हे लिहिल्याशिवाय झोप यायची नाही. सकाळी मेट्रोच्या बी लाइनने एऊरला गेले आणि दिवसभर कानात एकच रेकॉर्ड, तेनेब्रे या इटालियन सिनेमाच्या म्युझिकची, 1982 ची. जी मी इतकी वर्षं ठरवून ऐकली नव्हती ती.

ठरवून म्हणजे खरंच ठरवून. गोब्लिन हा माझा जीव की प्राण बँड, इथलाच, रोमचा. दिग्दर्शक दारियो आर्जेंतोच्या 1975 च्या प्रोफोंदो रोस्सो या सिनेमाला त्यांनी म्युझिक दिलं, मग 1976 ची त्यांची रोलर ही रेकॉर्ड, मग आर्जेंतोच्याच 1977 च्या सुस्पिरियाचं म्युझिक, आणि सुस्पिरियात तर बास वाजवणारा फाबिओ पिन्यातेल्ली चक्क तबला वाजवतो. मी पुण्यात पहिल्यांदा ऐकलं तेव्हा हेडफोन काढून परत लावले होते, म्हटलं हा तबलाच आहे ना? आणि त्यांचा ड्रमर अगोस्तिनो मारांगोलो, त्याच्या हातावर मी फिदा होते. तेनेब्रेत तो नाही. कोणीच नाही ड्रम्सवर. मशीन आहे. एवढं वाचलं आणि मी तिथेच बंद केलं, आणि त्यामागचं कारण त्या रेकॉर्डपेक्षा माझ्यातच जास्त होतं हे मला आज नीट कळलं.

मी मुळात ताशावाली. अकरावीपासून पथकात, संध्याकाळी नदीपात्रात सराव, पहिल्या पंधरा दिवसांत बोटांना फोड येऊन फुटले होते आणि त्यावर चिकटपट्टी गुंडाळून वाजवत होते, आई रोज रात्री हळद लावायची आणि रोज म्हणायची बास झालं आता. समोर पन्नास ढोल असू देत, ठेका धरून ठेवतो तो ताशा, पुढचा हात कधी घ्यायचा हे सगळे ताशाकडे बघून ठरवतात. त्या जोरावर कॉलेजात ड्रम्सवर बसले, चौघांचा बँड केला, तीन वर्षं वाजवलं. आणि मग एके दिवशी कीबोर्डवाल्याचा फोन, "अगं, पुढच्या शोला बीट लॅपटॉपवरच ठेवतोय, सोपं पडतं सगळ्यांना." भांडले नाही. ठीक आहे म्हटलं, काड्या आणि स्टिक्स एका पिशवीत घालून माळ्यावर टाकल्या. त्यानंतर मशीनचा ठेका कुठे ऐकू आला की माझं डोकंच फिरायचं, लग्नातल्या ऑर्केस्ट्रात कोणी ऑक्टोपॅड काढला तरी मी उठून बाहेर जायचे.

तर आज का ऐकली, तर परवा ऑफिसात एक इटालियन मुलगी कामाच्या नादात एक धून गुणगुणत होती. विचारलं तर म्हणाली ही जस्टिसची आहे, पॅरिसचे दोघं, 2007 चा अल्बम. मग तीच म्हणाली, पण मुळात ती आमचीच आहे, तेनेब्रेमधून घेतलीये. ती जन्मली पण नव्हती तेव्हाची धून, आणि "आमची" म्हणताना तिचा चेहरा असा काही फुलला की मला घरी जाऊन ऐकावीच लागणार हे कळलं. पण घरी नाही ऐकली, म्हटलं एऊरला जाऊनच ऐकू, कारण आर्जेंतोने त्या सिनेमासाठी मुद्दाम जुनं रोम टाळलं होतं आणि एऊरसारखा नवा, मोकळा, पांढरा भाग धरला होता.

एऊर म्हणजे मुसोलिनीने 1942 च्या प्रदर्शनासाठी बांधायला घेतलेली वस्ती, युद्धामुळे ते प्रदर्शन झालंच नाही. तिथली ती चौकोनी इमारत, लोक जिला चौकोनी कोलोसियम म्हणतात, एका बाजूला नऊ कमानी आडव्या आणि सहा उभ्या, म्हणजे चोपन्न, सगळ्या हुबेहूब सारख्या. तिच्या पायऱ्यांवर बसले. ऊन असं की पांढऱ्या दगडाकडे बघवत नव्हतं. आणि प्ले केलं.

सुरुवातीलाच चर्चमधल्या ऑर्गनसारखी गोल गोल फिरणारी धून आणि त्यात एक आवाज, माणसाचा पण माणसाचा नाही, व्होकोडरमधून आलेला, पाऊरा पाऊरा म्हणतो. पाऊरा म्हणजे भीती. अख्ख्या रेकॉर्डवर गाणं असं नाहीच, जे काही शब्द म्हणावेत तर हेच, आणि तेही बँडच्या कीबोर्डवाल्या क्लाउदिओ सिमोनेत्तीने आपला गळा मशीनमध्ये घालून काढलेले. मग तो ठेका येतो. सरळसोट, डिस्कोचा, आणि मी पायऱ्यांवर ताठ बसले.

इथे काय झालं ते मला नीट लिहून ठेवायचंय. नदीपात्रात तिसऱ्या तासाला हात जड होतो, आपल्याला कळत नाही पण ठेका किंचित बसतो, मग कोणीतरी ओरडतं आणि आपण पुन्हा उचलतो, ऐकणाऱ्याला ते आवडतं कारण त्याला कळतं की समोर माणूस दमतोय. या ठेक्याला दमणंच नाही. सहाव्या मिनिटाला काय आणि साठाव्या मिनिटाला काय, तेच. आणि सिनेमा एका खुन्याचा. समोर चोपन्न सारख्या कमानी, कुठे सावलीला जागा नाही, आणि कानात न दमणारा हात. तेनेब्रे म्हणजे अंधार, पण या सिनेमात अंधार जवळपास नाहीच, कॅमेरामन लुचियानो तोवोली, सुस्पिरियाला लाल-निळ्यात बुडवणारा तोच, इथे त्याने सगळं पांढऱ्या उजेडात ठेवलंय. मारांगोलो असता तर त्याने ठेक्यात जीव ओतला असता, आणि मला आज पहिल्यांदा असं वाटलं की इथे जीव नकोच होता.

सिमोनेत्तीकडे तेव्हा ओबरहाइम कंपनीचं डीएमएक्स हे ड्रम मशीन होतं, ज्यात खऱ्या ड्रम्सचे आवाज चिपवर भरलेले, शिवाय रोलँड कंपनीचं 808 हे ड्रम मशीन, ज्यातला प्रत्येक आवाज सर्किटमधून तयार होतो, आणि रोलँडचाच एमसी-4 हा सिक्वेन्सर, ज्यात सूर चक्क आकड्यांत टाइप करायचे, कॅल्क्युलेटरसारखी बटणं दाबून. प्रोग रॉकवाला माणूस आकडे टाइप करत बसलाय हे चित्र डोळ्यासमोर आणून बघते मी. पण तो तोपर्यंत डिस्कोत मुरलेला होता, 1978 पासून ईझी गोइंग या डिस्को ग्रुपसाठी डान्सच्या रेकॉर्ड्स करत होता, त्यामुळे मशीन त्याला परकं नव्हतंच. बाहेर न्यू वेव्ह आलेली, सगळीकडे सिंथ, आणि हा दोन्ही हातांनी दोन्हीकडचं धरून होता.

आणि बँड तर तेव्हा मोडलेला होता! हे मला सगळ्यात जास्त लागलं. आर्जेंतोने बोलावलं म्हणून तिघं परत आले, सिमोनेत्ती, पिन्यातेल्ली आणि गिटारवाला मास्सिमो मोरांते, ड्रमर आला नाही, आणि गोब्लिन या नावाचे हक्क ड्रमरकडे, म्हणून रेकॉर्डवर नुसती तीन आडनावं. नाव ड्रमरकडे राहिलं आणि ड्रमरची जागा मशीनकडे गेली. मी किती वर्षं समजत होते की मशीन आलं म्हणून माणूस गेला. इथे तर आधी माणसं पांगली, मग जी जागा रिकामी होती तिथे मशीन बसवलं. माझ्या बँडमध्येही, आता प्रामाणिकपणे लिहायचं तर, आम्ही चौघं त्या फोनच्या आधी सहा महिने एकमेकांशी धड बोलत नव्हतो.

फ्लॅशिंग नावाचा ट्रॅक मी आज बहुतेक अकरा वेळा ऐकला. तिथे मशीन पुढे चाललेलं असतं आणि पिन्यातेल्लीचा बास त्याला चिकटत नाही, कधी जरा मागे रेलतो, कधी आधीच येऊन उभा राहतो, म्हणजे जे मी ढोलांबरोबर करायचे तेच, फक्त इथे ढोल लोखंडाचा आहे आणि ऐकून घेत नाही. वर मोरांतेची गिटार. मोरांते 2022 च्या जूनमध्ये गेले. मी या शहरात आले त्याच्या नंतरच्या वर्षी, त्यामुळे त्यांना ऐकायचं राहिलंच.

सिनेमातला तो प्रसिद्ध शॉट घरी आल्यावर परत लावून पाहिला. दोन मैत्रिणींचं घर, आणि क्रेनवरचा कॅमेरा एका खिडकीपासून सुरू होऊन भिंतीवरून, छपरावरून, पलीकडे उतरतो, दोनेक मिनिटं एकही कट नाही, एवढ्या एका शॉटला म्हणे तीन दिवस लागले. वर हीच तेनेब्रेची धून. आपण समजतो हे सिनेमाचं बॅकग्राउंड म्युझिक आहे, आणि मग आतली एक बाई वैतागून ओरडते की आवाज कमी कर, आणि धून खरंच कमी होते. म्हणजे ती इतका वेळ त्या घरातच वाजत होती! मला ते इतकं आवडलं की तीनदा मागे नेऊन पाहिलं. बाकीचे ट्रॅक, जेमिनी, स्लो सर्कस वगैरे, त्यांचं नंतर लिहीन, अजून ते माझ्यात उतरलेले नाहीत.

येताना मेट्रोत गर्दी होती. उभी होते, दांडा धरलेला, आणि गारबातेल्ला स्टेशनला लक्षात आलं की माझी बोटं दांड्यावर वाजतायत. मशीनचा ठेका कानात आणि मी त्याच्या दोन ठोक्यांच्या मधल्या जागेत ताशाची तर्री भरतेय, बारीक, नुसत्या नखांनी, आणि ती बसतेय, छान बसतेय. पिरामिदेला उतरायचं होतं, उतरले नाही. दोन स्टेशनं पुढे गेले तशीच, कोलोस्सेओला उतरून चालत घरी आले.

आत्ता पुण्यात मध्यरात्र उलटून गेलीये, आई जागी असेल कदाचित. तिला मेसेज टाकलाय, पुढच्या महिन्यात मावशीचा मुलगा इकडे येतोय, त्याच्याबरोबर माळ्यावरची ती पिशवी पाठव, निळी, बंद बांधलेली. तिने लगेच विचारलं, ताशाच्या काड्या का स्टिक्स?

लिहिलं, दोन्ही.