क्रीट: एकदा ऑगस्टमध्ये, एकदा ऑक्टोबरमध्ये

क्रीट या ग्रीसच्या बेटावर कधी जावं असं मला आतापर्यंत चार-पाच जणींनी विचारलंय, त्यातल्या दोघी भारतातून मे महिन्याच्या सुट्टीत येणाऱ्या, बाकीच्या इथे जर्मनीतल्याच, म्हणून म्हटलं एकदाच नीट लिहून टाकावं. आम्ही दोनदा गेलोय. पहिल्यांदा ऑगस्टच्या पहिल्या आठवड्यात, कारण लेकाच्या शाळेला सुट्टी तेव्हा, आणि दुसऱ्यांदा ऑक्टोबरच्या मध्यात, तेव्हा चिपळूणहून आई पण आली होती.

ऑगस्टचं आधी सांगते. फोनवर तापमान दिसायचं ३०-३१, आणि आपल्याला वाटतं हॅ, एवढं काय, पुण्यात एप्रिलमध्ये याहून जास्त असतं. पण तिथे आकाशात ढगाचा ठिपका नसतो, जून ते ऑगस्ट पाऊस जवळजवळ नाहीच, आणि ऊन सगळीकडून येतं, वरून येतं, पांढऱ्या दगडावरून येतं, समुद्रावरून येतं. आम्ही क्नोसोसला दुपारी बाराला पोचलो, ही आमची सगळ्यात मोठी चूक. साडेतीन-चार हजार वर्षांपूर्वीचा, क्रीटवरच्या प्राचीन मिनोअन लोकांचा राजवाडा, १९०० साली आर्थर इव्हान्सने खणायला सुरुवात केली तो, ते लाल खांब फोटोत बघितलेले असतात आपण, आणि मी ते बघायला इतकी आतुर होते की काय सांगू, पण आत गेल्यावर सावली अगदी थोडी, लेकाचा चेहरा लालबुंद, अर्ध्या तासात आम्ही बाहेर पडून पाइनच्या झाडाखाली बसलो. क्नोसोस उन्हाळ्यात करायचंच असेल तर सकाळी उघडल्या उघडल्या जा. नाहीतर दुपारी जवळच्या हेराक्लिऑन शहरातल्या म्युझियममध्ये जा, खऱ्या वस्तू आणि भित्तिचित्रं तिथेच आहेत आणि आत गार असतं.

आणि मग वारा. याबद्दल आम्हाला कोणीच सांगितलं नव्हतं. किसामोसच्या बंदरातून बालोसच्या समुद्रकिनाऱ्याला बोट जाते, तिकिटं काढलेली, सकाळी बंदरावर गेलो तर आकाश निळंशार आणि बोट रद्द. लेक रडवेला झाला, त्याला कळेचना की एवढं छान ऊन असताना बोट का नाही. आम्ही राहिलो होतो तिथल्या मालकीणबाई, सत्तरीच्या असतील, त्यांनी हात हलवून फक्त एक शब्द सांगितला, मेल्टेमी. जुलै-ऑगस्टमध्ये उत्तरेकडून येणारा कोरडा वारा. दुपारकडे वाढत जातो, बऱ्याचदा रात्री जरा कमी होतो, आणि एकदा लागला की कधीकधी सलग कितीतरी दिवस. यामुळेच उत्तर किनारा राहण्याजोगा असतो, हे पण खरं. पण समुद्र खवळलेला. दक्षिणेला प्लाकियासला गेलो तर तिथे लाटा नाहीत पण डोंगरावरून वारा असा कोसळतो की वाळू पायाला टोचते, छत्री उघडायची सोय नाही.

त्याच रात्री आईचा फोन. चिपळूणला तीन दिवस सूर्य दिसला नव्हता, कपडे वाळत नाहीत, नदीकडे सगळ्यांचं लक्ष. मी म्हटलं आई इथे चार महिने थेंब नाही. मला तेव्हा वाटलं किती वेगळी जगं आहेत ही, आणि परत आल्यावर जरा वाचलं तर कळलं की वेगळी नाहीतच! आपल्या पावसाळ्यात दक्षिण आशियावर हवा प्रचंड प्रमाणात वर चढते, आणि तिच्या परिणामाने पूर्व भूमध्य समुद्रावर हवा खाली उतरते, उतरणाऱ्या हवेत ढग होत नाहीत, म्हणून तिथला उन्हाळा इतका कोरडा. १९९६ साली रॉडवेल आणि हॉस्किन्स या हवामानशास्त्रज्ञांनी हे मांडलं. मेल्टेमीचं पण तसंच, आपल्याकडच्या मान्सूनचा कमी दाबाचा पट्टा पार तुर्कस्तानपर्यंत पसरतो, बाल्कनकडे दाब जास्त, मग मधून वारा सुटतो. जुने ग्रीक त्याला एतेसियाई म्हणायचे, म्हणजे दरवर्षी येणारे. आणि मान्सून हा शब्द अरबी मौसिमवरून, म्हणजे ऋतू. दोन्हीकडच्या लोकांनी वेळेवर येणाऱ्या वाऱ्याला असंच नाव दिलं हे वाचून मी दोन दिवस त्याच विचारात होते, अजूनही सांगताना भारी वाटतं.

वारा उलटा म्हणजे आफ्रिकेकडून दक्षिणेचा आला तर मात्र जपा. क्रीटच्या मधोमध डोंगर आहेत, प्सिलोरितीस २४५६ मीटर, ते ओलांडून हवा उत्तरेला खाली उतरताना आणखी तापते आणि मग चाळिशी गाठते. वसंतात याच वाऱ्याने सहाराची धूळ येते, २०१८ च्या मार्चमध्ये तर आकाश नारिंगी झालं होतं.

आता ऑक्टोबर. तापमान २४ च्या आसपास, समुद्र अजून २२-२३, कारण पाणी उन्हाळाभर तापलेलं असतं आणि हळूहळू निवतं. याच्या उलट मे महिना, हवा सुंदर, डोंगरावर फुलं, लेफ्का ओरी या उंच डोंगररांगेवर कधीकधी बर्फ दिसतं, पण पाणी १९-२०, कोकणातल्या समुद्राची सवय असलेल्याला ते गारठवणारं वाटेल. फिरायचं असेल तर मे, पोहायचं असेल तर सप्टेंबरचा शेवट ते ऑक्टोबरचा मध्य, असं मी तरी सांगेन. जूनचा पहिला पंधरवडा दोन्हीला बरा. १५ ऑगस्टच्या आसपास नको, तो तिथे मेरीमातेचा मोठा सण, सगळा ग्रीस बेटांवर असतो. आणि दिवाळी नोव्हेंबरात आली तर क्रीट धरू नका, बोटी, हॉटेलं, समारियाची घळ, सगळं ऑक्टोबरअखेर आवरतं.

समारिया नवरा आणि लेकाने केलं, १६ किलोमीटर, १२०० मीटरवरून थेट समुद्रापर्यंत उतार (फार उकाडा किंवा पाऊस असला की बंद ठेवतात, आदल्या दिवशी विचारा). आई आणि मी बसने स्फाकियाला गेलो, तिथून बोटीने आगिया रूमेलीला, त्या गावाला रस्ताच नाही. वारा अजिबात नव्हता. आईने दाकोस खाल्ला, जवाचा कडक टोस्ट, त्यावर किसलेला टोमॅटो, चीज आणि भरपूर ऑलिव्ह तेल, आणि मग साडी वर धरून लिबियन समुद्रात गुडघ्याएवढ्या पाण्यात कितीतरी वेळ उभी राहिली. चारच्या सुमाराला बापलेक आले, लेक बूट काढून कपड्यांसकट पाण्यात.

शेवटच्या संध्याकाळी हानियाच्या जुन्या बंदरात दीपगृहासमोर बसलो होतो आणि ढग आले. आधी चार थेंब, मग चांगली सर. वेटर खुर्च्या आत घेताना हसत होता, पाच महिन्यांनी पडतोय म्हणाला. बंदरामागच्या गल्लीतल्या मातीचा वास आला तशी आई छत्री न उघडता उभी राहिली. म्हणाली, "अगं, जूनमध्ये अंगणात उभं राहून घेतला ना हा वास, यंदा दोनदा आला बघ."